ओठांवर वारंवार उठणारे फोड आणि प्रतिकारक पेशींचे काम

प्रश्न : मी ३८ वर्षांची असून कोथरूडला राहते आणि एका बँकेत नोकरी करते. गेली काही वर्षे वर्षातून पाच-सहा वेळा माझ्या खालच्या ओठाच्या उजव्या कडेला, जवळजवळ त्याच जागी, पाण्याने भरलेल्या बारीक फोडांचा पुंजका उठतो. आधी चुणचुण होते, मग फोड येतात, मग खपली धरते आणि आठ-दहा दिवसांनी सगळे भरून येते. नंतर खूणही राहत नाही. सासूबाई म्हणतात की अंगातली उष्णता बाहेर पडते आहे. अलीकडे एका तपासणी केंद्रात ‘इम्युनिटी पॅकेज’ करून घेतले. त्यात लिम्फोसाइट ४३ टक्के आले आणि हर्पीस सिम्प्लेक्स १ ची आयजीजी चाचणी पॉझिटिव्ह आली. हर्पीस हे नाव वाचून यजमानांच्या मनात शंका आली आणि घरात थोडा ताण निर्माण झाला. माझ्या रोगप्रतिकारक पेशी नीट काम करत नसतील, तर त्या वाढवण्यासाठी काय घ्यावे? सध्या गुळवेलीचा काढा, झिंकच्या गोळ्या आणि एक महागडी पावडर चालू आहे. खपली धरल्यावर मलम लावते, पण उपयोग दिसत नाही. पुढच्या महिन्यात नणंद बाळंतपणासाठी आमच्याकडे येणार आहे, म्हणून काळजी अधिकच वाटते.
– एक वाचक, कोथरूड

उत्तर : सप्रेम नमस्कार.

तुमच्या मुख्य प्रश्नाचे उत्तर आधी देते, कारण त्या प्रश्नामुळे तुमचा पैसा आणि मनःशांती दोन्ही खर्च होत आहेत. तुम्ही केलेल्या वर्णनावरून तुमची रोगप्रतिकारशक्ती दुबळी झाली आहे, असा निष्कर्ष निघत नाही. फोड दरवेळी त्याच छोट्या जागेत येतात, चेहऱ्यावर इतरत्र पसरत नाहीत आणि आठ-दहा दिवसांत खूण न ठेवता भरून येतात. प्रतिकारक पेशी आपले काम करत असल्याशिवाय यांतले काहीही घडले नसते. ज्यांच्या पेशी खरोखरच निकामी झालेल्या असतात, त्यांचे फोड आठवडेच्या आठवडे चिघळत राहतात आणि पसरतात. तसे तुमच्या बाबतीत झालेले नाही. त्यामुळे ‘पेशी वाढवण्यासाठी काय घ्यावे’ हा प्रश्न बाजूला ठेवून, पेशी काम करत असूनही फोड का येतात आणि ते कमी कसे करता येतील, याकडे आपण वळू या.

हे फोड हर्पीस सिम्प्लेक्स विषाणूच्या पहिल्या प्रकारामुळे येतात. आपल्याकडे ज्याला नागीण म्हणतात तिचा विषाणू वेगळा, तो कांजिण्यांचा. आणि तोंड आल्यावर गालाच्या आत किंवा जिभेवर जे पांढरट व्रण पडतात, ते बहुतेक वेळा विषाणूमुळे नसतातच. या तिन्ही गोष्टींची गल्लत नेहमी होते आणि तिच्यातूनच निम्मी भीती जन्माला येते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० सालच्या अंदाजानुसार जगातील ५० वर्षांखालील सुमारे ३८० कोटी लोकांच्या, म्हणजे त्या वयोगटातील ६४ टक्के लोकांच्या शरीरात हा विषाणू आहे. बहुतेकांना तो लहानपणीच मिळतो. घरातल्या मोठ्या माणसाने घेतलेला पापा, लाळ लागलेले बोट, तोंडात घातलेली एकमेकांची खेळणी एवढे त्याला पुरते. यजमानांच्या मनातील शंकेचे उत्तर यातच आहे. आयजीजी चाचणी एवढेच सांगते की आयुष्यात कधीतरी या विषाणूशी तुमच्या शरीराची गाठ पडली. ती केव्हा पडली, कुठे पडली, कोणामुळे पडली, यांपैकी काहीही ती सांगत नाही. त्यांनी स्वतःची चाचणी केली तर तीही पॉझिटिव्ह येण्याची बरीच शक्यता आहे, पण ती करून घेण्याचे काहीच कारण नाही. हा परिच्छेद त्यांना जरूर वाचायला द्यावा.

आता विषाणू शरीरात राहतो कुठे, ते पाहू. पहिल्या लागणीच्या वेळी तो ओठांच्या त्वचेतील मज्जातंतूंच्या टोकांत शिरतो आणि त्या तंतूंच्या आतून मागे सरकत ट्रायजेमिनल मज्जातंतूच्या मूळ पेशींपर्यंत जाऊन पोहोचतो. चेहऱ्याची संवेदना वाहून नेणारा हा मज्जातंतू असून त्याच्या पेशींची गाठ, म्हणजे मज्जागाठ, कवटीच्या तळाशी, साधारण कानाच्या पुढच्या पातळीवर असते. विषाणू मज्जापेशींमध्ये दडून राहत असावा, ही कल्पना अर्नेस्ट गुडपाश्चर या अमेरिकन विकृतिशास्त्रज्ञांनी १९२९ मध्येच मांडली होती. तिला ठोस पुरावा मात्र १९७० च्या दशकाच्या आरंभी मिळाला. मज्जापेशीत पोहोचलेला विषाणू तिला मारत नाही. त्याचा डीएनए पेशीच्या केंद्रकात वर्तुळाकार होऊन पडून राहतो आणि त्याची जवळजवळ सर्व जनुके बंद असतात. तो प्रथिने बनवत नाही, म्हणून प्रतिकारक पेशींना दिसेल असे त्या मज्जापेशीच्या पृष्ठभागावर फारसे काही नसते; आणि तो वाढत नाही, म्हणून औषधालाही सापडत नाही. हा विषाणू शरीरातून कायमचा काढून टाकणारे औषध आज उपलब्ध नाही, त्याचे कारण हेच आहे. ‘मुळासकट बरे करतो’ असे कोणी सांगितल्यास त्यांच्याकडे पुन्हा जाऊ नये.

तुम्ही ज्या पेशींविषयी विचारले आहे, त्यांचे काम इथे सुरू होते आणि माझ्या मते या साऱ्या प्रकरणातील सर्वांत विलक्षण भाग हाच आहे. मृत्यूनंतर तपासलेल्या मानवी मज्जागाठींमध्ये, विषाणू दडलेल्या मज्जापेशींच्या अगदी लगत सीडी-८ प्रकारच्या टी-पेशी (प्रतिकार करणाऱ्या पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) बसलेल्या आढळल्या आहेत. त्यांचा हा पहारा वर्षानुवर्षे तिथे असतो, म्हणजे या पेशी येऊन निघून गेलेल्या नसतात. त्या तिथेच मुक्काम करून असतात. सीडी-८ पेशींचे नेहमीचे काम विषाणूग्रस्त पेशीला मारून टाकण्याचे. परंतु मज्जापेशी मारली तर तिच्या जागी नवी तयार होत नाही. दरवेळी असे झाले असते, तर या विषाणूने ग्रासलेल्या माणसांच्या चेहऱ्याची संवेदना हळूहळू हरपत गेली असती. प्रत्यक्षात तसे होत नाही. उंदरांवरील प्रयोगांतून २००८ मध्ये असे दिसून आले की, विषाणूची जनुके जागी होऊ लागताच या टी-पेशी ग्रँझाइम-बी नावाचे विकर (एन्झाइम) मज्जापेशीत सोडतात, आणि हे विकर विषाणूच्या वाढीसाठी अत्यावश्यक असलेले आयसीपी-४ हे प्रथिन तोडून टाकते. विषाणूची वाढ थांबते आणि मज्जापेशी जिवंत राहते. प्रतिकारक पेशी शत्रूला केवळ मारतात असे आपण शाळेत शिकलो. इथे त्या मारण्याचे हत्यार हातात असूनही ते बेताने वापरतात, आणि आपला चेहरा शाबूत राहतो.

दुसरा मुक्काम ओठाच्या त्वचेत असतो. फोड भरून आल्यानंतर त्या जागी काही टी-पेशी कायमच्या वस्तीला राहतात. त्या रक्तात परत जात नाहीत. मेलबर्न येथील संशोधकांनी २००९ मध्ये उंदरांच्या त्वचेत अशा स्थायिक स्मृतिपेशी, म्हणजे आधीची लागण लक्षात ठेवणाऱ्या पेशी, दाखवल्या आणि ज्या जागी आधी लागण झाली होती, त्याच जागी त्या नव्या लागणीला अधिक चांगला अटकाव करतात, हेही दाखवले. त्याआधी २००७ मध्ये सिएटलच्या संशोधकांनी, याच विषाणूच्या भावंडाने, म्हणजे प्रकार २ ने आलेले फोड भरून आलेल्या माणसांच्या त्वचेचे नमुने तपासले होते. तिथेही फोड पूर्ण बरा झाल्यानंतर दीर्घकाळपर्यंत सीडी-८ पेशी संवेदी मज्जातंतूंच्या टोकांजवळ टिकून असल्याचे आढळले. मज्जातंतूतून खाली उतरलेला विषाणू त्वचेत जिथे बाहेर पडतो, नेमक्या त्याच ठिकाणी त्या असतात.

विषाणूही निष्क्रिय नसतो. त्वचेच्या पेशीत शिरल्यावर तो आयसीपी-४७ नावाचे एक प्रथिन तयार करतो आणि त्याच्या साहाय्याने, ‘माझ्या आत परके काही आहे’ असे टी-पेशींना दाखवण्याची त्या पेशीची यंत्रणाच बंद पाडतो. मग टी-पेशींना ती पेशी ओळखता येत नाही. मात्र शरीराकडे याचेही उत्तर आहे. ज्या पेशीच्या पृष्ठभागावरील ओळखीच्या खुणा नाहीशा झाल्या आहेत, तिलाच संशयित मानून मारणाऱ्या नैसर्गिक मारक पेशी आपल्याकडे आहेत आणि हर्पीसच्या बंदोबस्तात त्यांचा वाटा मोठा आहे. ज्यांच्यात जन्मतः या मारक पेशींचा अभाव असतो, अशा अत्यंत दुर्मीळ रुग्णांना हर्पीस गटाचे आजार फार तीव्र स्वरूपात होतात, यावरूनही ते स्पष्ट होते.

या झटापटीचा निकाल बहुतेक वेळा तुमच्या बाजूने लागतो आणि तुम्हाला त्याचा पत्ताही नसतो. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात निरोगी प्रतिकारशक्ती असलेल्या प्रौढांचे नमुने दिवसातून चार वेळा घेण्यात आले. विषाणू जागा होण्याच्या अनेक घटना अवघ्या बारा तासांच्या आत आटोपल्याचे त्यात दिसले. अशा वेळी बहुतेकांना ना चुणचुण जाणवली, ना फोड आला. तेव्हा वर्षातून जे पाच-सहा प्रसंग तुम्हाला दिसतात, ते या पेशींना क्वचित झालेल्या उशिराचे प्रसंग आहेत. काही तासांचा उशीर झाला की विषाणू त्वचेत पुरेसा वाढतो आणि मग पेशी मोठ्या संख्येने धावून येतात. त्यानंतरची सूज, लाली आणि ठणका यांतला बराचसा भाग त्या धावून आलेल्या पेशींच्या कामाचाच असतो. म्हणजे फोड ठणकत असतो तेव्हा प्रतिकारशक्ती झोपलेली नसते. उलट ती त्या जागी सर्वाधिक जोरात असते.

आता तुमच्या अहवालाविषयी. लिम्फोसाइट हा पांढऱ्या पेशींचाच एक प्रकार. त्यांचे ४३ टक्के हे प्रमाण प्रयोगशाळांनी छापलेल्या नेहमीच्या मर्यादेपेक्षा किंचित अधिक दिसते, परंतु टक्केवारी म्हणजे केवळ वाटा. दुसऱ्या प्रकारच्या पांढऱ्या पेशी थोड्या कमी असल्या की हा वाटा आपोआप वाढलेला दिसतो. महत्त्वाची असते ती प्रत्यक्ष संख्या, आणि एकूण पांढऱ्या पेशींची संख्या ठीक असेल तर या आकड्याने काळजी करण्याचे कारण नाही. अशा पॅकेजची खरी उणीव मात्र वेगळीच आहे. दंडातून काढलेल्या रक्तात ज्या पेशी सापडतात त्या वाहत्या पेशी होत. मज्जागाठीत आणि ओठाच्या त्वचेत मुक्कामाला असलेल्या ज्या पेशींवर तुमचे फोड अवलंबून आहेत, त्या त्या नळीत येतच नाहीत. शिवाजीनगरच्या पोलीस मुख्यालयात किती शिपाई हजर आहेत हे मोजून कोथरूडच्या तुमच्या गल्लीत काल रात्री गस्त झाली की नाही, हे जसे कळणार नाही, तसेच हे आहे. म्हणून ओठावर फोड येतात एवढ्याच कारणासाठी ‘इम्युनिटी’ मोजून घेण्याला अर्थ नाही, आणि तुम्ही ती पुन्हा करू नये.

मग या पेशींना उशीर का होतो? याची काही कारणे नीट माहीत आहेत आणि पुण्यात राहणाऱ्या, दुचाकीवरून ये-जा करणाऱ्या व्यक्तीच्या दिनक्रमात ती ठळकपणे दिसतात. पहिले कारण ऊन. उन्हातील अतिनील किरणांमुळे त्वचेतील लँगरहान्स पेशी, म्हणजे परका शत्रू ओळखून टी-पेशींना वर्दी देणाऱ्या पेशी, काही काळ कमी होतात आणि त्यांची कार्यक्षमता घटते. शिवाय त्याच किरणांचा मज्जातंतूंच्या टोकांवर होणारा परिणाम विषाणूला जागे करतो. मार्च ते मे या काळात दुपारी लक्ष्मी रस्त्यावर खरेदी करणे, सुट्टीच्या दिवशी उशिरा सिंहगड चढणे, जूनमध्ये पालखीबरोबर दिवेघाटापर्यंत चालत जाणे, या सर्वांनंतर दोन-चार दिवसांनी ओठ चुणचुणू लागला असेल, तर तो योगायोग समजू नये. पुण्यातल्या मुली आणि स्त्रिया दुचाकीवर चेहऱ्याला जो स्कार्फ गुंडाळतात, त्याची बाहेरगावचे लोक थट्टा करतात. परंतु ओठांसाठी तो खरोखर उपयुक्त आहे. त्याच्या जोडीला एसपीएफ ३० किंवा अधिक असलेला ओठांचा बाम लावावा आणि तो दर दोन तासांनी, तसेच चहा-जेवणानंतर पुन्हा लावावा. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, कृत्रिम अतिनील किरणांनी फोड उठवण्यापूर्वी ओठांना सनस्क्रीन लावलेल्या व्यक्तींना फोड आले नाहीत, तर नुसते मलम लावलेल्यांपैकी बहुसंख्यांना आले. सर्व उपायांमध्ये हा सर्वांत स्वस्त आहे आणि आश्चर्य म्हणजे सर्वांत दुर्लक्षितही आहे.

दुसरे कारण ताप. सर्दी-पडसे, फ्लू, डेंग्यू, कोणताही ताप येऊन गेल्यावर हे फोड उठतात. ताप आणि ऊन या दोन्ही गोष्टी पाहता सासूबाईंचे निरीक्षण अगदी बरोबर आहे. फक्त बाहेर पडते ती उष्णता नसून विषाणू असतो. तेव्हा त्यांचे म्हणणे धुडकावू नका, आणि फोड फोडून ‘उष्णता काढण्याचा’ प्रयत्नही करू नका. तिसरे कारण मानसिक ताण आणि अपुरी झोप. उंदरांवरील २००७ च्या एका अभ्यासात, सततच्या ताणामुळे मज्जागाठीतील सीडी-८ पेशींची संख्या आणि कार्य दोन्ही घटले व विषाणू जागा झाला, असे दिसले. माणसांत हे इतक्या थेटपणे मोजता येत नाही, परंतु मार्चअखेरीला बँकेत किती उशिरापर्यंत थांबावे लागते हे तुम्हालाच ठाऊक आहे, आणि तेव्हाच कडक ऊनही सुरू झालेले असते. काही स्त्रियांना मासिक पाळीच्या सुमारास, तर काहींना दातांच्या उपचारांत ओठ ताणला गेल्यामुळेही फोड येतात. पुढील फोडापासून एका वहीत तारीख आणि आधीच्या तीन-चार दिवसांतील ऊन, ताप, झोप व पाळी यांची नोंद ठेवा. वर्षभरात तुमचे स्वतःचे कारण तुम्हाला कागदावर दिसेल, आणि ते कळणे कोणत्याही पॅकेजपेक्षा अधिक मोलाचे आहे.

काढा, झिंक आणि पावडर या तिन्हींविषयी माझे मत स्पष्ट आहे : ती बंद करावीत. प्रतिकारशक्ती ही सरसकट वाढवण्याची गोष्ट नाही, हे वरच्या वर्णनावरून लक्षात आले असेलच; मज्जागाठीत तर तिचे शहाणपण नेमके बेतात राहण्यात आहे. कोणतीही पावडर पोटातून जाऊन कवटीच्या तळाशी बसलेल्या विशिष्ट टी-पेशींना अधिक तत्पर करते, असे कोणी दाखवलेले नाही. झिंक दीर्घकाळ अधिक प्रमाणात घेतल्यास शरीरातील तांब्याचे प्रमाण घटते, आणि त्यामुळे पांढऱ्या पेशीच कमी होऊ शकतात. म्हणजे ज्यासाठी घेतले त्याच्या नेमके उलट. गुळवेलीविषयी सांगायचे, तर मुंबईतील यकृततज्ज्ञांनी २०२१ मध्ये, गुळवेल घेणाऱ्या काही रुग्णांमध्ये यकृताला इजा झाल्याची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने त्या निष्कर्षावर आक्षेप घेतला, आणि हा वाद मला इथे सोडवायचा नाही; परंतु ज्या औषधाचा या फोडांवर उपयोग सिद्ध झालेला नाही, त्यासाठी यकृताविषयीची लहानशी शंकाही का पत्करावी? इंटरनेटवर लायसीन या अमिनो आम्लाचीही फार शिफारस केली जाते. उपलब्ध अभ्यासांचा २०१५ मध्ये एकत्रित आढावा घेतला गेला, तेव्हा त्याने फोड टळतात असा पुरावा मिळाला नाही.

एका गोष्टीविषयी मात्र मला कळकळीने सांगायचे आहे. औषधांच्या दुकानात ‘खाज, फोड, चट्टे’ असे म्हटले की स्टेरॉइड, बुरशीनाशक आणि प्रतिजैविक एकत्र असलेली ट्यूब हातात ठेवली जाते. तुमचे मलम यांपैकी असेल तर ते आजच टाकून द्या. त्यातील स्टेरॉइड त्या जागी धावून आलेल्या पेशींनाच दडपते. सूज उतरल्यासारखी वाटते आणि विषाणूला मोकळे रान मिळते. केंद्र सरकारने २०१८ मध्ये स्टेरॉइडयुक्त अनेक मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकण्यावर निर्बंध आणले, तरीही ती सहज मिळतात, हे तुम्हाला आणि मला दोघींनाही माहीत आहे.

उपयोगी औषध आहे, ते जुने आहे आणि महागही नाही. ॲसिक्लोव्हिर हे औषध ज्या संशोधनातून आले, त्यात गर्ट्रूड एलियन यांचा मोठा वाटा होता आणि त्यांना १९८८ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. या औषधाची रचना अशी आहे की ते विषाणूच्याच एका विकरामुळे कार्यक्षम होते. म्हणून ते विषाणू वाढत असलेल्या पेशीतच काम करते आणि निरोगी पेशींना फारसे शिवत नाही. यातूनच तुमच्या मलमाचा उपयोग का झाला नाही, हेही कळते. फोड येऊन खपली धरेपर्यंत विषाणूची वाढ जवळजवळ संपलेली असते. त्यावेळी लावलेल्या मलमाला थांबवण्यासारखे काही उरलेलेच नसते. औषधाची वेळ म्हणजे चुणचुणीचे पहिले काही तास. मलमापेक्षा गोळ्या अधिक परिणामकारक ठरतात. प्रौढांसाठी व्हॅलासिक्लोव्हिर २ ग्रॅम, बारा तासांच्या अंतराने दोन वेळा, असा एकाच दिवसाचा उपचार मान्यताप्राप्त आहे. त्याने फोडाचा काळ सरासरी सुमारे एका दिवसाने कमी होतो. हा लाभ मोठा नाही आणि तो फुगवून सांगणे मला योग्य वाटत नाही. पण अगदी वेळेवर घेतल्यास काही वेळा फोड उठण्याआधीच जिरतो, हेही खरे आहे. म्हणून तुमच्या डॉक्टरांना भेटून मूत्रपिंडाचा काही त्रास नाही ना, गर्भधारणेची शक्यता नाही ना, हे तपासून घ्या आणि चिठ्ठीनुसार गोळ्या आधीच आणून ठेवा. एक जोड घरी, एक बँकेच्या पर्समध्ये. चुणचुण रात्री दहा वाजता सुरू झाली, तर सकाळी दुकान उघडण्याची वाट पाहावी लागू नये.

वर्षातून सहा किंवा अधिक वेळा फोड येत असतील, तर काही महिने दररोज कमी मात्रेत गोळी घेण्याचा पर्यायही आहे. त्याने फोडांची संख्या घटते, पूर्णतः थांबेलच असे नाही, आणि गोळी बंद केल्यावर पूर्वीचा क्रम पुन्हा सुरू होऊ शकतो. तुम्ही त्या सीमेवर आहात. माझ्या मते, पुढील काही महिने घरात तान्हे बाळ असणार आहे, हे लक्षात घेता हा पर्याय त्वचारोगतज्ज्ञांशी गांभीर्याने बोलण्यासारखा आहे. खासगी तपासणी परवडत नसेल, तर ससून रुग्णालयाच्या त्वचारोग विभागात जावे. हा आजार तिथे रोजचा आहे.

प्रतिकारशक्तीची खरीखुरी तपासणी केव्हा करावी, तेही सांगून ठेवते, म्हणजे मी सर्वच काळजी उडवून लावते आहे असे वाटणार नाही. फोड दोन आठवड्यांत भरून येत नसतील, मोठे व खोल होत असतील, एकाच वेळी अनेक ठिकाणी उठत असतील, जोडीला वजन घटत असेल, तोंडात पांढरी बुरशी वाढत असेल किंवा न्यूमोनियासारखे संसर्ग वारंवार होत असतील, तर मधुमेह, एचआयव्ही आणि रक्ताचे आजार यांसाठी तपासणी आवश्यक ठरते. कर्करोगाचे उपचार, अवयव प्रत्यारोपण किंवा दीर्घकाळ स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असणाऱ्यांनी तर पहिल्याच फोडाला डॉक्टर गाठावेत. आणि प्रतिकारशक्ती कितीही उत्तम असली, तरी फोडांच्या दिवसांत डोळा लाल झाला, दुखू लागला, प्रकाश सहन होईनासा झाला, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जावे. हा विषाणू बुबुळावर गेला तर दृष्टीला कायमची इजा होऊ शकते. फोडाला हात लागल्यावर डोळे चोळू नयेत आणि कॉन्टॅक्ट लेन्स हाताळण्यापूर्वी हात साबणाने धुवावेत, ते याचसाठी.

आता नणंदबाई आणि त्यांचे बाळ. तुमची काळजी इथे मात्र रास्त आहे आणि ती वेळेवर व्यक्त केलीत, हे फार चांगले झाले. आतापर्यंत ज्या पेशींचे इतके वर्णन केले, त्या नवजात बाळात असतात, परंतु त्यांना अनुभव नसतो. त्याच्या मारक पेशी आणि टी-पेशी मोठ्या माणसाइतक्या तत्परतेने काम करू शकत नाहीत. आईला पूर्वी लागण झालेली असेल तर तिच्या रक्तातील प्रतिपिंडे नाळेतून बाळाला मिळतात आणि काही संरक्षण देतात, पण तेवढ्यावर विसंबता येत नाही. पहिल्या चार ते सहा आठवड्यांत हा विषाणू बाळाला लागला, तर तो यकृत, फुप्फुसे आणि मेंदूपर्यंत पसरू शकतो. असे क्वचित घडते. पण घडते तेव्हा जिवावर बेतते.

म्हणून चुणचुण सुरू झाल्यापासून खपली गळून त्वचा पूर्ववत होईपर्यंत बाळाला घेऊ नका, पापा तर मुळीच नको. बाळाजवळ जाणे टाळता येण्यासारखे नसेल, तर मास्कने ओठ पूर्ण झाका आणि आधी हात साबणाने धुवा. त्या दिवसांत टाळू भरणे, अंगाला तेल लावणे, शेक-शेगडी, ही कामे सासूबाईंनी किंवा दुसऱ्या कोणी करावीत. फोड नसतानाही लाळेतून विषाणू अधूनमधून बाहेर पडत असतो, म्हणून पहिले दोन महिने बाळाच्या तोंडावर, डोळ्यांजवळ किंवा हातांवर कोणीच ओठ टेकवू नयेत, असा नियम साऱ्या घराला लावावा. बारशाला येणाऱ्या पाहुण्यांनाही तो लागू करावा, आणि तो सासूबाईंच्या तोंडून जावा. सुनेने सांगितले तर कोणाला राग येईल, आजीने सांगितले तर येणार नाही. नणंदबाईंना या विषयाची कल्पना त्या येण्यापूर्वीच फोनवर द्या, आणि त्यांच्या स्त्रीरोगतज्ज्ञांनाही कळवायला सांगा. बाळाला ताप आला, अंग थंड पडले, ते नीट पीत नाहीसे झाले, मलूल वाटले किंवा अंगावर पाण्याचे फोड दिसले, तर घरगुती उपाय करत न बसता त्याच तासाला बालरोग विभाग असलेल्या रुग्णालयात न्या, आणि घरात ओठांवर फोड येणारी व्यक्ती आहे हे तेथील डॉक्टरांना स्वतःहून सांगा. त्या एका वाक्यामुळे योग्य औषध कित्येक तास लवकर सुरू होऊ शकते.